गिळला तो गोड

फळबाजाराच्या मोठ्या पत्र्याखाली तीस वर्षं एका माणसाच्या गळ्याकडे बघून माल पास होत आला. त्या माणसाला सगळे चाखोबा म्हणत. त्याचं खरं नाव बायकोला माहीत होतं आणि दवाखान्याच्या कागदावर होतं. बाजाराला त्याची गरज कधी पडली नाही.

काम सांगायला सोपं होतं. पहाटे गाड्या लागत, पेट्या उतरत. उजाडलं की चाखोबा पहिल्या रांगेच्या टोकाशी उभा राही. अंगात जाड कापडाचा कोट, हातात वाकड्या पात्याची सुरी, कमरेला ओलं फडकं. पेटीतलं वरचं फळ तो कधी उचलत नसे. वरचं फळ फोटोसाठी पुढं बसवलेल्या लेकरासारखं असतं, तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. घर कसं आहे ते तळाशी बसलेल्याला विचारावं. त्याचा हात कोपरापर्यंत पेटीत जाई, एक फळ बाहेर येई, सुरी फिरे आणि बोटभर फोड जिभेवर जाई. मग तो डोळे मिटे. भोवतीचे दुकानदार बोलायचे थांबत. चाखोबानं फोड गिळली की त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली येई, आणि मागे उभा असलेला म्हातारा खडूवाला पेटीवर गोल काढी. चाखोबा थुंकला तर फुली. गोलाचा माल दुकानात जाई, फुलीचा रसाच्या कारखान्यात.

बोलणं नव्हतंच. अमुक फळ गोड, तमुक आंबट, असं चाखोबानं तीस वर्षांत तोंडानं कधी सांगितलं नाही. याचा त्याला मोठा अभिमान होता. "जिभेला हाड नसतं," तो म्हणे, "ती कुठंही वळते. गळ्याला मात्र लाज असते. जे वाईट ते गळा घेत नाही." एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या बागेतले पेर आले होते. चाखोबानं डोळे मिटले, चावलं आणि थुंकलं. मेव्हणा दोन वर्षं घरी आला नाही. पण त्या दिवसापासून बाजारात म्हणच पडली, गिळला तो गोड.

अशा माणसाच्या डाव्या पायाच्या करंगळीला नवा बूट चावला.

बूट चावतात, फोड येतो, फुटतो, सुकतो. हा सुकेना. महिना झाला, बोट काळपट दिसायला लागलं, मोज्याला वास यायला लागला, तेव्हा बायकोनं त्याला ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात अनुभवी होते. त्यांनी रक्त तपासलं, आकडा दोनदा बघितला आणि खुर्ची जवळ ओढली.

"काका, तुमच्या रक्तात साखर भरलीय. ती उतरली नाही तर ही जखम भरणार नाही. सहा आठवडे बघू. नाहीतर बोट काढावं लागेल."

"एकच ना?" चाखोबा म्हणाला. "दहा आहेत."

"एक गेलं की ते एकटं जात नाही. शेजाऱ्याला हाक मारून जातं."

चाखोबा हसायचा थांबला. त्याचं काम उभ्यानं होतं. सिमेंटच्या ओल्या फरशीवर, अकरा रांगा, सकाळपासून दुपारपर्यंत. तोल गेलेल्या माणसाला त्या फरशीवर कोणी उभं करत नाही.

बाईंनी कागद घेतला. साखर बंद, पाव बंद, भात बंद, बटाटा बंद. अंडी, मासे, पालेभाजी, काकडी, मूठभर दाणे चालतील. "आणि फळं? फळं किती खाता?"

"मी फळ खात नाही," चाखोबा म्हणाला.

हे तो खोटं बोलला नाही. मिठाईवाला मिठाई खात नाही, तसं बाजारात कोणीच फळ खात नसे. खाणं म्हणजे ताटात घेऊन, बसून, पोटासाठी. त्याचं ते चाखणं होतं. बायकोनंही मान हलवली, कारण घरी आणलेल्या फळाला त्याला हात लावताना तिनं कधी बघितलं नव्हतं. बाईंनी कागदावर लिहिलं, फळ खात नाही.

घरात त्या दिवसापासून तराजू आला. सून मोठ्या हौसेनं सगळं तोलायला लागली. चाखोबापुढं दोन उकडलेली अंडी, एवढा पाला आणि काकडीच्या चकत्या आल्या की तो ताटाकडं बघत बसे.

"हे माझं जेवण आहे का तुमच्या सशाचं?"

"आपल्याकडं ससा नाही, बाबा," सून म्हणे.

"आता आहे की."

पण तो खाई. चुपचाप खाई. पावाचा वास आला की खिडकीशी जाऊन उभा राही. नातवाच्या ताटातल्या बटाट्याकडे बघताना त्याची नजर अशी होई, की पोरगं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाई. दोन आठवड्यांत त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. आणि रक्तातली साखर होती तिथंच राहिली. करंगळीची कड आणखी काळी झाली.

मग घरात संशय शिरला. बायकोला वाटलं, सून लाडानं काहीतरी देते. सुनेला वाटलं, नवरा बापाला गुपचूप पाव आणून देतो. मुलानं शपथ घेतली, सुनेनं पदर नव्हता म्हणून हातानंच डोळे पुसले, आणि चाखोबा सगळ्यांच्या मधे बसून तेच तेच सांगत राहिला, "मी काही खाल्लं नाही. सकाळी एक अंडं खाऊन जातो तो थेट घरी येऊन जेवतो."

बायको मात्र त्यानंतर बोलायची बंद झाली. ती बोलायची बंद झाली की ती काहीतरी मोजत असते, हे घरातल्यांना माहीत होतं.

ती घरी बसून शर्टांना बटणं लावायचं काम करी. कारखान्याकडून गठ्ठे येत, सोबत बटणांच्या पिशव्या. एका सकाळी तिनं एप्रनचा उजवा खिसा बटणांनी भरला आणि नवऱ्याच्या मागोमाग बाजारात गेली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण त्याला काम करताना तिनं बघितलं नव्हतं. बाजार ही तिची जागा नव्हती. ती कांद्याच्या पोत्यांमागे उभी राहिली.

तिनं त्याला डोळे मिटताना बघितलं. भोवतीची माणसं गप्प होताना बघितली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हातातली टोपी चुरगळत नवऱ्याच्या गळ्याकडे बघितलं, आणि घाटी खाली आली तसा त्याचा चेहरा उजळला, तेही बघितलं. तिला त्या घटकेला नवऱ्याचा फार अभिमान वाटला. आणि तरी तिचा हात थांबला नाही. दर घोटाला एक बटण उजव्या खिशातून डाव्या खिशात.

दुपारी चाखोबा जेवायला बसला. ताट आलं. ताटात अंडी नव्हती, पाला नव्हता. बटणं होती. पांढरी, छोटी, ढीगभर.

"हे काय?"

"तुमचं जेवण," बायको म्हणाली. "झालेलं आहे. एकशे अठरा. मधे मला शिंक आली, तेव्हाचं एखादं राहिलं असेल."

चाखोबाला कळायला वेळ लागला. मग तो रागावला. "अगं, ते चाखणं आहे. चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

बायकोनं खरबुजाच्या बोटभर फोडी कापल्या आणि तराजूवरच्या ताटलीत एकेक ठेवत गेली. वीस फोडींना ताटली भरली. चाळिसाला दुसरी. सून आणखी ताटल्या आणायला उठली, तेव्हा चाखोबा म्हणाला, "पुरे."

त्यानं ताटातलं एक बटण उचलून बघितलं. तीस वर्षं लोकांनी त्याचा घोट बघितला, पण तो घोट पुढं कुठं जातो हे कोणी बघितलं नव्हतं. त्यानंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि आधी त्यांनी जुन्या कागदावरची ती ओळ खोडली. "काका, फळ काही विष नाही. दोन-तीन फोडी जेवणासोबत घेतल्या तर मी काही म्हणणार नाही. पण रक्ताला चाखणं आणि खाणं यातला फरक कळत नाही. चव घ्या आणि थुंका."

"थुंकलं की माल मेला, बाई."

"मग तोंडानं सांगा ना, गोड आहे म्हणून. बोलता तर येतं तुम्हाला."

किती सोपं होतं ते, त्या खोलीत बसून.

बाजारातला अडत्या, ज्याच्या गाळ्यावर चाखोबा कामाला होता, मनानं वाईट नव्हता. त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की आजपासून चाखोबा थुंकणार आणि तोंडानं सांगणार. पायाचा प्रश्न आहे, सांभाळून घ्या. लोक बरं म्हणाले. पहिल्या रांगेत चाखोबानं फोड चावली, डबा तोंडाशी धरून थुंकली, आणि सवयीनं खडूवाल्यानं फुली मारली. पेटी ज्याची होती तो शेतकरी मटकन खाली बसला.

"पूस, पूस," चाखोबा म्हणाला. "गोड आहे." स्वतःचा आवाज त्याला त्या पत्र्याखाली परका वाटला, दुसऱ्याच्या घरात झोपेतून उठल्यासारखा.

"खरंच गोड आहे का?" एका दुकानदारानं विचारलं.

तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. घोटाला कोण विचारणार? शब्दाला मात्र सगळे विचारतात.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मागून कोणीतरी पुटपुटलं, आणि दोघंतिघं हसले. चाखोबानं ऐकलं. पण त्याला घरचं ते ताट आठवलं, आणि तो पुढच्या पेटीकडं वळला. थुंकत गेला, बोलत गेला.

आणि साखर उतरली. आठवड्यात आकडा खाली आला, दुसऱ्या आठवड्यात आणखी. बायको रोज संध्याकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडी. एके दिवशी काळ्या कडेच्या आत तिला गुलाबी रेघ दिसली. तिनं सुनेला हाक मारली, सुनेनं मुलाला. चौघंजण एका करंगळीभोवती डोकी घालून बसले, बारशाला जमल्यासारखे.

घरात आणखी एक गंमत झाली. चाखोबाला काकडी गोड लागायला लागली. आधी सगळे हसले. मग दूध गोड लागलं. मग उकडलेला कोबी. "सूनबाई, साखर घातलीस का?" तो विचारी. "कोबीत कोण साखर घालतं, बाबा?" सून म्हणे. त्याला वाटलं, जीभ धारदार झाली. उपाशी कुत्र्याचं नाक जसं तिखट होतं, तशी. तो मनातून खूश होता. बाजारात आता एकामागून एक माल त्याला गोड लागत होता. संत्री गोड, पेर गोड, खरबूज तर मधासारखं. यंदाचं वर्षच चांगलं दिसतं, असं तो खडूवाल्याला म्हणालाही. खडूवाल्यानं फक्त खडू खिशात घातला.

पाचव्या आठवड्यात कोपऱ्यावर गाडी लावणारी एक फळवाली आली. वीस वर्षं ती गोल बघून माल उचलत आली होती. तिच्या हातात एक खरबूज होतं, अर्धं कापलेलं. ती भांडखोर म्हणून प्रसिद्ध होती, पण त्या दिवशी तिचा आवाज खाली होता.

"काका, हे बघा जरा. गिऱ्हाइकं परत आणून देतायत. काल चार आली. एक जण म्हणाला, बाई, खरबूज मागितलं होतं, भोपळा नाही."

चाखोबानं फोड तोंडात घातली. डोळे मिटले. गोड. अगदी गोड. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "गोड आहे."

"पुन्हा बघा."

"अगं, गोड आहे."

फळवालीनं दुसरी फोड कापून खडूवाल्याला दिली. तिसरी अडत्याला. चौथी त्याच दुकानदाराला, ज्यानं पहिल्या दिवशी प्रश्न विचारला होता. चाखोबा त्यांच्या तोंडांकडे बघत राहिला. खडूवाल्यानं दोनदा चावलं आणि जबडा थांबला. अडत्यानं फोड एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. दुकानदार वळून थुंकला. कोणाच्याच गळ्याची घाटी हलली नाही.

चाखोबाला तेव्हा कोबी आठवला, काकडी आठवली. त्याची जीभ धारदार झाली नव्हती. तीन आठवडे गोड घशाखाली न गेल्यानं ती भिकारी झाली होती. भिकाऱ्याला शिळा तुकडाही पक्वान्न लागतो. तीस वर्षं रोज शंभर फोडी खाऊन जी जीभ मोठ्या घरच्या माणसासारखी चोखंदळ झाली होती, तिचं ते चोखंदळपण त्या फोडींचंच होतं. बोटाला जे मारत होतं, त्यावरच जीभ जगत होती.

तो खोटं बोलला नव्हता. पण आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं बोलायला लागला, आणि तीन आठवडे त्याचा शब्द खोटा निघत होता.

अडत्यानं त्याला बाजूला घेतलं. "चाखोबा, चार दिवस पोटभर खा. जीभ जागेवर येईल. मग पुढचं पुढं बघू."

"आणि बोट?"

"चार दिवसांत काय होतंय बोटाला?" अडत्या म्हणाला, पण त्याची नजर चाखोबाच्या बुटावरून सरकून दुसरीकडं गेली.

त्या दुपारी घरी चाखोबानं सगळं सांगितलं. सून रडकुंडीला आली. मुलगा म्हणाला, काम सोडा. बायको शर्टाला बटण लावत होती. दोरा दातानं तोडून ती म्हणाली, "मी नको म्हणणार नाही. तुमचा बाजार मी बघितलाय. तिथं सगळे तुमच्या गळ्याकडे बघतात. मी पायांकडे बघते, कारण त्या पायांनी तुम्ही घरी येता. आता तुमचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी अडत्यानं गाळ्यावर परात मांडून ठेवली होती. खरबूज, द्राक्षं, अंजिरं, सालं काढलेली संत्री. बाजारातले पंधरावीसजण उगाच जवळपास घोटाळत होते. चाखोबानं अंजीर उचललं. त्यानं ते तोंडात घातलं, आणि इतकी गोडी त्याच्या जिभेवर उतरली की डोळ्यांत पाणी आलं. असं अंजीर त्याला तीस वर्षांत लागलं नव्हतं. चाखोबाला कळलं, की आपण इतकी वर्षं फळ खरोखर खाल्लंच नव्हतं.

सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होते.

तो वळला आणि डब्यात थुंकला.

"फुली काढू नकोस," तो खडूवाल्याला म्हणाला. "फळ चांगलं आहे. माझा भरवसा नाही."

त्यानं सुरी ओल्या फडक्यानं पुसली, पातं आपल्याकडं आणि मूठ अडत्याकडं करून पुढं धरली. अडत्यानं ती लगेच घेतली नाही, एवढा मान त्यानं ठेवला. मग घेतली.

सहावा आठवडा संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, बोट दाबलं, वळवलं, आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. नवी कातडी आली होती, लहान मुलाच्या कानासारखी पातळ. दहाच्या दहा बोटं जागेवर होती. बायकोनं खिशातून एक बटण काढलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंना त्याचा अर्थ कळला नाही, तरी त्यांनी ते ठेवून घेतलं.

कोट परत द्यायचा राहिला होता. त्यासाठी चाखोबा एका सकाळी तो अंगात घालूनच बाजारात गेला. त्याच्या जागेवर आता एक यंत्र होतं, पिस्तुलासारखं, फळाला टेकवलं की गोडीचा आकडा दाखवणारं. ते ज्याच्या हातात होतं तो अडत्याचा भाचा होता. लोक आकड्याकडं बघत आणि माना हलवत. कोणी डोळे मिटत नव्हतं. चाखोबा चपला काढून पहिल्या रांगेच्या टोकाशी उभा राहिला. तळव्याला ओली फरशी गार लागली, आणि त्यानं दहाही बोटं तिच्यावर दाबून बघितली.

लोकांनी रामराम केला, पायाची चौकशी केली. फळवाली म्हणाली, "काका, गाडीवर या कधी. बसायला स्टूल आहे." तो बरं म्हणाला. मग सगळे आपापल्या कामाला लागले; म्हातारा खडूवाला तेवढा त्याच्या मागे उभा राहिला. त्याच टोकाला, तो टोपी चुरगळणारा म्हातारा शेतकरी आपल्या पेटीशेजारी उभा होता. यंत्र अजून त्याच्यापर्यंत आलं नव्हतं. त्यानं चाखोबाला बघितलं. सवयीनं टोपी काढून हातात घेतली. आणि सवयीनंच त्याच्या गळ्याकडं बघितलं.

चाखोबाच्या तोंडात काही नव्हतं. पण घशात काहीतरी दाटून आलं होतं ते खाली जाईना. त्यानं डोळे मिटले आणि आवंढा गिळला.

मागे खडू करकरला.

त्यानं डोळे उघडले तेव्हा म्हाताऱ्याच्या पेटीवर पांढरा गोल उमटला होता, आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. तो उजळलेला चेहरा चाखोबानं पुरा एक श्वासभर बघून घेतला. मग तो वाकला, कोटाच्या बाहीनं तो गोल पुसला आणि खडूवाल्याला म्हणाला,

"ते फळ नव्हतं रे."